वाडीने घातलेलं गाऱ्हाणं

मालवण, जि. रत्नागिरी
१२ जानेवारी १९५९

प्रिय त्र्यंबक,

‘निवृत्तीनंतर मालवणला येऊन राहावं की नाही ते स्पष्ट लिही, कवित्व नको,’ असं तू बजावलंस. म्हणून कवित्व सोडून लिहितो. छापखान्यात मी व्यवस्थापक आणि तू मुद्रितशोधक असताना तू माझ्या साध्या नोटिशीतूनही चुका काढायचास, हे मी विसरलेलो नाही. या पत्रातल्या तेवढ्या पोटात घाल.

आधी चांगलं सांगतो. वारा चांगला, पाणी गोड, झोप लागते. मथुरा तर ओळखू येणार नाही इतकी बदलली. गिरगावच्या खोलीत ही बाई शेजारच्यांना ऐकू जाईल म्हणून दबक्या आवाजात बोलायची. इथे तिचं माहेर हाकेवर, तेव्हा कुंपणाशी उभी राहून चार घरांशी एकदम बोलते. तिच्यापुरता हा प्रश्न सुटला आहे.

आता वाईट. खारं वारं सगळं खातं. कुलूप खाल्लं, शिवणयंत्र खाल्लं, माझ्या चष्म्याची दांडी खाल्ली. वर्तमानपत्र येतं तेव्हा त्यातली बातमी शिळी होऊन आंबलेली असते. पावसाळ्यात बोट बंद, मग घाटातून एसटी येईल तेव्हा टपाल. पण खरी पीडा पाहुण्यांची. समुद्रावर घर असणं म्हणजे तीर्थक्षेत्री घर असण्यासारखं आहे. गिरगावात ज्यांनी कधी जिन्यात मान हलवली नाही, ते इथे ओळख ना पाळख, ट्रंका घेऊन उतरतात. हिवाळ्यात शाळांच्या सहली, मेमध्ये मुंबईकर. किल्ला बघायचा, शहाळं प्यायचं, आमच्या ओटीवर झोपायचं आणि जाताना म्हणायचं, ‘भाग्यवान आहात, रोज समुद्र बघता.’ यांच्या आंघोळीचं पाणी तापवण्यातून मान वर निघाली तर बघणार ना समुद्र.

आणखी एक गंमत. किल्ल्यावर होडी नेणारा धोंडू मला बंदरावर दिसलो की विचारतो, ‘किल्लो बघूक येतलास?’ मी इथे जन्मलेला माणूस, दोन वर्षं झाली परत येऊन, तरी त्याच्या लेखी मी पाहुणाच. वाडीत मला ‘मुंबयकार’ म्हणतात. असो, रिकामा वेळ असा नाहीच, त्यामुळे वाईट वाटायलाही सवड होत नाही.

शेजारच्या राधाबाईंच्या आवारातलं धाकटं घर रिकामं आहे. त्यांची अट एकच. मे महिन्याचा पाहुणा नको, पावसाळा काढणारा माणूस हवा. तू मासे खात नाहीस म्हणजे इथलं निम्मं सुख तुला वर्ज्य, पण फणस आणि ओल्या काजूची उसळ यांच्यावर तुझा काही राग नसावा. तू मेमध्ये ये. मुलगी बघायची ती सणाला नटलेली असताना बघू नये, घरात राबताना बघावी.

तुझा
भाई

*

गिरगाव, मुंबई
३० जानेवारी १९५९

प्रिय भाई,

पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ठेवल्या आहेत, भेटीअंती देईन. ‘दिसलो की विचारतो’ हे तुझं मालवणी मधेच डोकावलं, ते मात्र तसंच ठेवलं.

माझी परिस्थिती तुला ठाऊकच आहे. दिवाळीला नोकरी संपते. ही खोली छापखान्याची, तीही तेव्हाच सोडायची. मागे-पुढे कोणी नाही. पुण्याचा पुतण्या सदाशिव पेठेत ये म्हणतो, ‘काका, तुमची जागा तयार आहे,’ असं लिहितो. पोरगा चांगला आहे. पण पुण्यात मी काय करणार? तिथे आधीच सगळे माझ्यासारखे.

खारं वारं आणि शिळं वर्तमानपत्र यांची मला भीती नाही. माणसांची आहे. मी जिथे जातो तिथे चुका काढतो, लोक दोन दिवस हसतात आणि तिसऱ्या दिवशी टाळतात. उभा जन्म प्रुफं वाचून काढला, शब्दाचा अर्थ लावताना कधी फसलो नाही. माणसांचा लावताना मात्र दर वेळी फसलो. तुझ्या वाडीने मला पसंत केलं तरच येईन, उगाच तुझ्या गळ्यात धोंड होऊन येणार नाही. मेमध्ये येतो. मथुरावहिनींना सांग, हा एक पाहुणा स्वतःचं पाणी स्वतः तापवील.

तुझा
त्र्यंबक

*

गिरगाव, मुंबई
३ जून १९५९

प्रिय भाई,

सुखरूप पोचलो. बोट थोडी हलली आणि माझ्यातला फणस तिच्याहून जास्त हलला, पण ते जाऊ दे.

माझं मन तिथेच राहिलं आहे, हे आधी सांगून टाकतो. संध्याकाळी आपण दांडीच्या किनाऱ्यावर बसून छापखान्यातल्या मेलेल्या आणि जिवंत माणसांची उणीदुणी काढली, तसा मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. राधाबाईंचं घरही आवडलं. खिडकीतून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, हे तर फारच चांगलं. पाहुणे मुक्कामाला मागणार नाहीत.

पण माझ्या हातून जे घडलं ते डोक्यातून जात नाही. सुकी मासळी वाळत घालणाऱ्या बायांना मी ‘वास येतो, हे जरा पलीकडे नेता का’ म्हणालो, त्यांच्याच अंगणात उभा राहून. वहाणा घालून देवळाच्या पायरीवर बसलो. आणि विहिरीवर बायकांची वेळ असते हे न कळून पंचा नेसून तिथे गेलो, तेव्हा राधाबाईंनी जो डोक्यावरचा पदर पुढे ओढला तो अजून डोळ्यांपुढे आहे. वर बाबली घाडींना, ज्यांच्याकडे देवळातलं सगळं बोलणं-सांगणं असतं त्यांना, मी ‘म्हाराजा नव्हे, महाराजा’ असं शिकवलं.

तेव्हा भिडेखातर काही लपवू नकोस. मी निघाल्यावर वाडी काय म्हणाली ते जसंच्या तसं कळव. त्यावरच माझं काय ते ठरेल.

तुझा
त्र्यंबक

*

मालवण
१६ जून १९५९

प्रिय त्र्यंबक,

वाडी काय म्हणाली ते विचारतोस, तर ऐक. तू गेलास त्यानंतरच्या सोमवारी देवळात बाबली घाडींनी तुझं गाऱ्हाणं घातलं. मथुरेनेच पुढाकार घेतला, नारळ तिनेच नेला. मला वाटलं होतं चार माणसं जमतील, पण वाडीतली झाडून सगळी आली. ज्यांच्या अंगणात तू मासळी हलवायला सांगितलीस त्या शेवंती आणि तिची सासू सगळ्यांच्या पुढे होत्या. राधाबाई एरवी गुडघ्यांमुळे देवळाची पायरी चढत नाहीत, त्याही चढल्या.

बाबलींनी एक गोष्ट सोडली नाही. मासळीचं झालं, वहाणांचं झालं, विहिरीचं झालं. प्रत्येक वाक्यावर सगळी वाडी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती. मीही म्हणालो, खोटं कशाला सांगू. ते ‘म्हाराजा’ तर बाबलींनी मुद्दाम तुझ्या नावाने जोरात म्हटलं, तेव्हा लोक हसले. आता सगळं देवावर सोपवलं आहे, तो काय ते बघून घेईल.

इकडे पाऊस लागला. शेवटचे पाहुणे गेले आणि मथुरेने ओटी दोनदा सारवली. टपाल आता उशिरानेच येईल. तुझा निर्णय काय तो सावकाश कळव, घाई नाही.

तुझा
भाई

*

गिरगाव, मुंबई
५ जुलै १९५९

श्री. सत्यवानराव यांस,

आपलं पत्र पोचलं. ग्रामस्थांच्या भावना समजल्या. जसंच्या तसं कळवा असं मीच लिहिलं होतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. आपण स्पष्ट लिहिलंत हे बरंच केलंत.

दिवाळीनंतर पुण्यास पुतण्याकडे जाण्याचं ठरवलं आहे. दमट हवा मला मानवेल असं वाटत नाही. राधाबाईंना त्यांचं घर दुसऱ्या कोणास देण्यास माझी हरकत नाही, तसं त्यांना सांगावं. त्यांना माझ्यामुळे जो संकोच झाला त्याबद्दल दिलगीर आहे. सौ. वहिनींना नमस्कार.

आपला
त्र्यंबक हरि वाळिंबे

*

मालवण
२४ जुलै १९५९
(कार्ड)

प्रिय त्र्यंबक,

हवा मानवत नसेल तर इलाज नाही. इथे असताना मानवत होती असं मला दिसलं, पण ज्याचं त्याला ठाऊक. एकदम ‘आपण’ आणि ‘सत्यवानराव’ कशासाठी ते मात्र समजलं नाही. पुण्यात सुखी राहा. आम्ही बरे आहोत.

भाई

*

मालवण
२२ सप्टेंबर १९५९

ती. भावोजींना मथुरेचा नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, चुका होतील, लाल शाई तयारच ठेवा.

गणपती झाले, भजनं झाली, पण ह्या वर्षी ह्यांचं लक्ष कशातच नव्हतं. तुम्हाला पत्रांतून काय लिहितात ते मला माहीत नाही. पाहुणे फार येतात, सवड नाही असं लिहीत असतील. पावसात कोण येतो पाहुणा? हे पडवीत बसून जुनं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात आणि मी चुलीपुढून हूं म्हणते. मला त्यातलं काय कळतं? मी माझ्या माणसांत आले, हे आपल्या माणसांतून आले. तुम्ही मेमध्ये होतात तेव्हा घरात हसू ऐकू यायचं.

तुम्ही येत नाही म्हणून कळल्यावर मी बाबलीकडे जाऊन भांडले. म्हटलं, ‘बाबली, तुझा गाऱ्हाणा देवान आयकूक नाय. तू खंयतरी चुकलंस.’ तो म्हणाला, ‘वयनी, एक शबूत चुकूक नाय. परत म्हणान दाखवतंय.’ आणि देवळात म्हटलेलं सगळं परत म्हणून दाखवलं. तुम्ही शब्दांतले जाणते, म्हणून जसंच्या तसं लिहिते. ह्यात देवाला न समजण्यासारखं काय आहे ते तुम्हीच सांगा:

‘बा देवा म्हाराजा! देशावरचो त्र्यंबक वाळिंबे नावाचो पावणो तुझ्या पायाकडे येवन गेलो. व्हय म्हाराजा! त्येका हंयची रीत ठावक नाय. सुक्या मासळेचो वास येता म्हणालो, वाणा घालून तुझ्या पायरेर बसलो, बायलांच्या वेळार बावीर गेलो. ता काय चुकलामाकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! त्येका फुडे कोण नाय, पाठी कोण नाय. त्येका आमच्या वाडयेत येवंदे, सुखान रवांदे. राधाबायच्या घरात दिवो लागांदे. आमच्या सत्यवानाक बोलूक माणूस गावांदे. व्हय म्हाराजा!’

राधाबाई घर कोणाला देत नाहीत. म्हणतात, ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं त्याचं घर दुसऱ्याला कसं देऊ. आम्ही देवाला सांगायचं ते सांगून झालं. आता तुम्हाला सांगते, या.

तुमची
मथुरा

*

गिरगाव, मुंबई
४ ऑक्टोबर १९५९

प्रिय भाई,

आणि मथुरावहिनी. त्यांनी चोरून लिहिलं ते मी फोडतो आहे, मला क्षमा करावी.

आमच्या देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. पोरगं आईकडे भावाचं गाऱ्हाणं घालतं, भाडेकरू मालकाकडे शेजाऱ्याचं घालतो. तू लिहिलंस की सगळ्या वाडीने जमून देवापुढे माझं गाऱ्हाणं घातलं, मासळीचं, वहाणांचं, विहिरीचं काही सोडलं नाही, आणि तूही ‘व्हय’ म्हणालास. ते वाचून मी दिवा न लावता बसून राहिलो. माझी तक्रार करायला राधाबाई दुखरे गुडघे घेऊन पायऱ्या चढल्या, हे चित्र काही केल्या जाईना. म्हणून ते ‘आपण’ आणि ती दमट हवा. हवेने माझं काही वाकडं केलेलं नाही.

तुमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे एखाद्यासाठी देवापुढे घातलेलं साकडं, हे मला आता कळतं आहे. वहिनींचं पत्र वाचताना ‘पोटात घाल’पाशी आलो आणि पुढची ओळ दिसेना. आजवर माझ्यासाठी कोणी देवाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आई मागत असेल. तुझ्या वाडीने मागितलं, ज्यांना मी मासळीचा वास येतो म्हणालो त्या बायांनी मागितलं. मला फार रडू आलं, भाई.

पुण्याची जागा मी बघून आलो. माडीवरच्या जिन्याखाली खाट टाकली आहे. मुलं जिन्यावरून धावली की पोपडे अंगावर पडतात. पुतण्याचा दोष नाही, त्याचीही मुलं त्या दोन खोल्यांत मावत नाहीत.

वहिनींना सांग, बाबलींचा एकही शब्द चुकला नव्हता. चूक मुद्रितशोधकाची. राधाबाईंना विचार, पंचा नेसून फिरणारा भाडेकरू चालेल का.

तुझा
त्र्यंबक

*

मालवण
१७ ऑक्टोबर १९५९

त्र्यंबका, गाढवा,

मथुरा हसून हसून चुलीपुढे बसली, तिचं दूध उतू गेलं. मी मात्र हसलो नाही. तीन महिने तू मला वाडीकडून तुझी तक्रार करवणारा माणूस समजलास आणि मी तुला दमट हवेला भिणारा. दोघांनाही लाल शाई लागायला हवी.

राधाबाई म्हणतात, ‘चलात. पण बावीर येवच्या आधी खाकरूक सांग.’ दिवाळी झाली की पहिल्या बोटीने ये. धोंडूची होडी घेऊन बोटीपाशी मी स्वतः येतो.

भाई

*

मालवण
१० मे १९६०

प्रिय भाई,

हे पत्र तुला तुझा मुंबईतला मुलगा वाचून दाखवील. डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत तू स्वतः वाचायचा हट्ट करू नयेस. मुलाला सांग, शब्द गिळायचे नाहीत.

तुम्ही दोघे ऑपरेशनसाठी मुंबईला गेलात आणि तुमचे सगळे पाहुणे माझ्या नशिबी आले. परवा एक कुटुंब ‘सत्यवान मामा कुठे?’ म्हणत ट्रंकेसह उतरलं. तू त्यांचा मामा कसा हे त्यांनाही नीट सांगता येईना. मी त्यांना विहिरीच्या वेळा, वहाणा कुठे काढायच्या आणि वाळत्या मासळीला काय म्हणायचं नाही, हे समजावून दिलं. त्यातल्या गृहस्थाने मला विचारलं, ‘तुम्ही इथलेच का?’ होडी ओढता ओढता धोंडूच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘तेंका इचारा, ते हंयचेच.’ तुला अजून तो किल्ला बघायला बोलावतो, तेव्हा हे वाचून डोळ्यावर ताण देऊ नकोस.

मला कोणी मालवणला राहण्याच्या बाजू-विरुद्धबाजू विचारल्या तर काय सांगीन? चष्म्याची दांडी माझीही खाल्ली. वर्तमानपत्र शिळं येतं, पण मी कुठल्याही दिवसाच्या चुका काढू शकतो. पाहुण्यांचं तू लिहिलंस ते कमीच लिहिलं होतंस. फणस मला अजून पचत नाही. तरी संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसलो की इथून कुठे जावंसं वाटत नाही. फक्त सध्या शेजारी तू नसतोस. मी छापखान्याच्या गोष्टी शेवंतीच्या सासूला सांगून बघितल्या. ती मासे निवडताना हूं म्हणते.

म्हणून काल सोमवारी देवळात तुझं गाऱ्हाणं घातलं. नारळ माझा. बाबलींनी मला जवळ उभं केलं आणि म्हणाले, ‘काय सांगूचा ता तुमीच माका सांगा, शबूत चुकूक नको.’ मी सांगत गेलो, ते म्हणत गेले. सत्यवानाचो डोळो बरो होवंदे. तेंच्या घरातसून परत हसण्याचो आवाज येवंदे. त्र्यंबकाक बोलूक माणूस गावांदे. राधाबाई याही वेळी पायऱ्या चढून आल्या होत्या. वाडीने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. नेमकं तुमच्यासारखं ‘म्हाराजा’ म्हणालो, बाबलींनी वळून बघितलं.

या वेळी अर्थ लावताना कोणी चुकू नये म्हणून साध्या शब्दांत लिहितो. पट्टी निघाली की वहिनींना घेऊन निघ. पावसाने बोट बंद व्हायच्या आत ये.

तुझा
त्र्यंबक